सत्तेचाळीस टक्के शिल्लक

दुरुस्तीवाली : सत्तेचाळीस टक्के दाखवतोय की, काका. चांगला चालू आहे. तक्रार काय आहे नक्की?

वडील : पडतो.

दुरुस्तीवाली : हातातून?

वडील : नाही हो. बंद पडतो. आपला आपणच. अर्धी बॅटरी असते आणि मध्येच डोळे मिटतो.

मुलगी : हे असं ते सगळ्यांना सांगतात.

दुरुस्तीवाली : तुमच्यासमोर पडलाय का कधी, ताई?

मुलगी : माझ्यासमोर कसा पडेल? मी जहाजावर नोकरीला असते, महिनोन्‌महिने. मला फक्त पलीकडून कळायचं. बोलता बोलता चित्र जायचं आणि मग ती बाई सांगायची, आपण संपर्क करत असलेला फोन बंद आहे.

वडील : तेच सांगत होतो मी हिला.

मुलगी : आणि मी घरी आल्यापासून एकदाही बंद पडला नाही. टेबलावरच असतो. बघते ना मी.

वडील : तू आल्यापासून मी कुणाशी बोललोच नाही त्याच्यावर. नुसता पडून असतो तो.

दुरुस्तीवाली : थांबा, थांबा. भांडायला माझं काउंटर लहान पडेल. नुसता पडून असला की फोनला कष्ट नसतात, मग तो शहाण्यासारखा वागतो. जरा पळवून बघू त्याला. व्हिडिओ कॉल करायचात का यावर?

वडील : त्याच्यासाठीच घेतला होता. हिची आई आणि ही बोलायच्या.

दुरुस्तीवाली : मग ताई, तुमच्या फोनवरून लावा. व्हिडिओच लावा. मी याचा उजेड पूर्ण वाढवते... हां, आला. दिसताय तुम्ही. मागे माझं कपाट पण दिसतंय, शी, काय पसारा आहे. काका, धरा हातात आणि बोला काहीतरी.

वडील : समोरच तर उभी आहे. काय बोलू?

दुरुस्तीवाली : मग नका बोलू. नुसतं बघत राहा. मी आवाज वाढवते आणि मागचा कॅमेरा लावते.

मुलगी : पंचेचाळीस टक्के आहे अजून. म्हटलं ना, काही होत नाही त्याला, हे आपले उगाच...

वडील : गेला.

दुरुस्तीवाली : गेला. बघा, काळा ठिक्कर. बटण दाबून ठेवते, बघा. उठत नाही.

मुलगी : हात लागला असेल त्यांचा कुठेतरी.

दुरुस्तीवाली : बंद करायच्या बटणापाशी त्यांचं बोटसुद्धा नव्हतं, ताई. मी बघत होते. आता चार्जरला लावू. आलं चिन्ह. जरा थांबा, सुरू होऊ दे... आता आकडा वाचा तुम्हीच.

मुलगी : चव्वेचाळीस.

दुरुस्तीवाली : म्हणजे संपली नव्हतीच.

मुलगी : मग बंद का झाला?

दुरुस्तीवाली : बॅटरी थकलीये. शिल्लक असते, पण ओढ सोसत नाही. आमच्या सासऱ्यांचं तसंच आहे. घरात दिवसभर इकडून तिकडे हिंडतात, कुणाला वाटणार नाही आजारी आहेत म्हणून. पण जिना चढा म्हटलं की अर्ध्यात मटकन बसतात. व्हिडिओ कॉल म्हणजे फोनला जिनाच. त्यात गारठा असला की आणखी लवकर.

वडील : खोली गारच असायची. तिला खिडकी उघडी लागायची.

दुरुस्तीवाली : नवी बॅटरी टाकून देते. आतलं काही जात नाही, घाबरू नका. थोडा वेळ लागेल, याचं झाकण चिकटवलेलं असतं, गरम करून सोडवावं लागतं. बसा तिकडे बाकावर.

(दुरुस्तीवाली फोन घेऊन आतल्या टेबलाकडे जाते. बापलेक बाहेरच्या बाकावर बसतात, मध्ये एका माणसाची जागा सोडून.)

मुलगी : खरंच बंद पडतो.

वडील : हो.

मुलगी : मला वाटलं होतं की...

वडील : माहितीये मला, तुला काय वाटलं होतं. आल्यापासून माझ्याशी धड बोलली नाहीस, त्यावरून कळलंच.

मुलगी : वाटणार नाही का? आधी किती वेळा फोन ठेवलात तुम्ही. आई झोपलीये. आई दमलीये. डॉक्टर आलेत. एकदा तर मागून तिचा आवाज येत होता, कुणाचा फोन आहे हो म्हणून, आणि तुम्ही मला सांगताय झोपलीये.

वडील : तेव्हा ठेवला. नाही म्हणत नाही. तुझा फोन होऊन गेला की ती जेवायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तुला ती हसतानाच दिसायची.

मुलगी : मग मला सांगायचंत ना.

वडील : सांगितलं असतं तर आली असतीस?

मुलगी : भर समुद्रातून काय चालत येऊ?

वडील : म्हणूनच नाही सांगितलं.

मुलगी : त्या शेवटच्या कॉलच्या दिवशी पण मला तसंच वाटलं, तुम्हीच ठेवलात म्हणून. बंदरातून निघालो होतो, रेंज आता जाणार, मग जाणार, असं चाललेलं. मी धावत वर डेकवर आले. तिचा चेहरा दिसला. म्हणाली, अगं भिंगरे, केस कुठे गेले तुझे? मी म्हटलं कापले. आणि काळं. मी लावतेय, पुन्हा लावतेय. बंद, बंद, बंद. मग मी तुम्हाला तिथे उभी राहून काय काय बोलले. बरोबरची माणसं वळून बघायला लागली.

वडील : काय बोललीस?

मुलगी : सांगण्यासारखं नाही.

वडील : असू दे. पोचलं नाही.

मुलगी : आईला काय सांगितलंत? फोन बंद पडला म्हणून?

वडील : नाही.

मुलगी : मग? मीच ठेवला म्हणालात?

वडील : काहीच नाही सांगितलं. तिला कळलंच नाही बंद पडला ते.

मुलगी : म्हणजे?

वडील : त्या दिवसांत तिला फारसं दिसत नव्हतं. उजेड आणि सावली, बस. तुझं तोंडसुद्धा फोन जवळ धरला की अंदाजानं कळायचं. केस नाहीत एवढं कळलं तिला, मलाच आश्चर्य वाटलं. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला होता. तू कापले म्हणालीस ते ऐकलं तिनं. ऐकून हसली. आणि बोलायला लागली. आणि तेवढ्यात तो हातातल्या हातात गेला.

मुलगी : आणि ती?

वडील : ती बोलत राहिली.

मुलगी : बंद फोनशी?

वडील : तुझ्याशी. मी नुसता धरून बसलो. एक हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला, हळूच, हलू न देता.

मुलगी : बाबा, चार्जर कुठे होता?

वडील : स्वयंपाकघरात.

मुलगी : स्वयंपाकघर तर शेजारीच आहे! तुम्ही उठून चार्जरला लावला असता तर माझा फोन लागला असता. मी तिथेच होते, फोन हातात घेऊन. रेंज होती मला तेव्हा. थोडा वेळ का होईना, होती!

वडील : हो.

मुलगी : हो काय? का नाही उठलात?

वडील : उठणार होतो. दोनदा तसा पुढे सरकलो. पण कितीतरी दिवसांनी ती सलग बोलत होती गं. एरवी दोन शब्द झाले की धाप. पाणी माग, नाहीतर खिडकी उघडा म्हण, एवढंच. आणि त्या दिवशी मिनिटामागून मिनिटं... मला वाटलं, मध्येच थांबवलं, थांब, फोन बंद पडलाय म्हटलं, तर ती दमून डोळे मिटेल. पुन्हा नाही उघडायची.

मुलगी : पण ते माझ्यासाठी होतं.

वडील : तुझ्यासाठीच होतं.

मुलगी : मला नाही मिळालं ते.

वडील : नाही मिळालं. ती बोललेली बरी की तू ऐकलेलं बरं, एवढंच ठरवायचं होतं. मी तिचं ठरवलं. बरोबर केलं असं म्हणत नाही मी. रात्र झाली की अजून तेच घोळवत बसतो.

मुलगी : मग नंतर का नाही सांगितलंत? मी घरात आहे, समोर आहे, आपण एका टेबलावर जेवतो.

वडील : तू आलीस ती तोंड फिरवूनच आलीस. पहिल्याच दिवशी म्हणालीस, मला तुमच्याकडून काही ऐकायचं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. हिला आधी पटू दे की फोन खरंच बंद पडतो. त्याशिवाय हे सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारा गोष्टी रचतोय.

मुलगी : वाटलं असतं.

वडील : म्हणून तर तुला घेऊन आलो इथे.

मुलगी : काय म्हणाली ती?

वडील : ओळीनं सांगतो. रोज मनात एकदा म्हणून घेतो, विसरायला नको म्हणून. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझी ओळ चुकते. आधी म्हणाली, कापलेस ते बरं केलंस. ओल्या वेणीनं झोपायचीस, डोकं दुखणार नाहीतर काय होणार. मग म्हणाली, मशीनच्या खोलीत कानांना ते आवाजाचं झाकण लावत जा. तुझ्या बाबांना जन्मभर सोफ्याची कव्हरं शिवून शिवून अर्धं ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं ते ऐकत नाहीत.

मुलगी : असं म्हणाली?

वडील : माझ्यासमोर. मी फोन धरून बसलेलो. मग तो निळा स्वेटर. कोपराला उसवलाय, पण टाकून देऊ नकोस, यांच्याकडे दे, यांचा टाका दिसत नाही. त्यावर थोडी थांबली. मला वाटलं संपलं. तर म्हणाली, तू गेलीस म्हणून मी रागावले होते. दोन दिवस चांगली रागावले होते. मग कंटाळा आला. म्हणाली, इथे राहिली असतीस तर तू आणि हे उशाशी बसून भांडला असतात, मला झोप मिळाली नसती. बरं झालं गेलीस. जहाजावर कुणी तुला ताई म्हणतं का, की नावानंच हाक मारतात? तिथे उत्तरासाठी थांबली.

मुलगी : मग?

वडील : मग स्वतःच म्हणाली, नावानंच मारत असतील. छान वाटत असेल.

मुलगी : आणखी?

वडील : आणखी माझ्याबद्दल. ते नको.

मुलगी : सांगा.

वडील : म्हणाली, यांना सुरुवात करता येत नाही. लग्न ठरलं तेव्हासुद्धा पहिलं वाक्य मीच बोलले होते. तू रुसून बसलीस तर दोघं तसेच बसून राहाल. तेव्हा तू बोलायला लाग. मोठी झालीस.

मुलगी : बाबा...

वडील : थांब, राहिलंय थोडं. मग तिनं विचारलं, ऐकतेय ना ती? गप्प का आहे? तुला नाही, मला विचारलं. आता मी काय सांगणार होतो? म्हटलं, ऐकतेय. सगळं ऐकतेय. रडतेय, म्हणून बोलता येत नाहीये तिला.

मुलगी : मी रडत नव्हते, बाबा. मी तेव्हा तुम्हाला शिव्या देत होते.

वडील : मला काय माहीत? मला वाटलं, रडतच असशील.

मुलगी : मग काय म्हणाली ती?

वडील : म्हणाली, मग रडू दे तिला. घाई करू नका. मी थांबते.

मुलगी : आणि?

वडील : आणि थांबली. फोनकडे बघत. काही बोलली नाही, मलाही बोलू दिलं नाही. मी काही म्हणायला गेलो की बोट हलवायची, थांबा म्हणून. तुझं रडणं संपेपर्यंत थांबणार होती. मला तो फोन खालीही ठेवता येईना. नंतर बघितलं तर डोळा लागला होता तिचा. मग उठलो, चार्जरला लावला, तुला लावून पाहिलं. तुझा लागला नाही.

मुलगी : तोवर किनारा मागे पडला होता.

वडील : दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, काल पोरीशी बोलले ना मी? म्हटलं, बोललीस. किती छान बोललीस. त्यानंतर ती जाईपर्यंत काही फारसं बोलणं झालं नाही. संपलं. एवढंच होतं. काही गाळलं नाही मी.

(मुलगी तोंड ओंजळीत धरून पुढे वाकते.)

वडील : इकडे सरक. असं टोकाला बसलीस तर पडशील बाकावरून.

दुरुस्तीवाली : झालं, काका! बघा, आता खुशाल जिने चढवा त्याला. जुनी बॅटरी फुगली होती चांगलीच, बरं झालं वेळेत... अगंबाई. काय झालं? ताईंना पाणी आणू का?

वडील : नको. बसू दे तिला जरा. तुमची दुसरी काही कामं असतील तर उरका तोवर. आम्ही आहोत इथे.