शपथेचा तिसरा दिवस

व्यसनमुक्तीच्या पोस्टरचं कौतुक मला नका सांगू. नव्वदच्या सुमारास मी पनवेलला आरोग्यसेवक होतो, ती पोस्टरं मीच गावोगाव चिकटवली आहेत. वरून हुकूम एवढाच होता की भाषण करा आणि लोकांना शपथ द्या. रोडपालीच्या देवळात मी ठणकावलं, "आजपासून थेंबही नाही! दारू सोडली की माणूस देवासारखा होतो." पहिला उठला बळीराम. वीस वर्षं रोज पिणारा माणूस, पण देवीसमोर शपथ घेतली आणि खरंच पाळली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची पाठ थोपटायला गेलो, तर बायकोने मला दारातच अडवलं.

"सायब, चपला काढा. यांच्या अंगान देवी आयलीय."

आत बळीराम घामाने भिजून थरथरत होता आणि अंगावर नसलेले साप झटकत होता. बायका त्याला हळदकुंकू लावून प्रश्न विचारत होत्या.

"तुमीच तं बोल्लात," ती म्हणाली, "दारू सोरली का मानूस देवावानी व्हतो."

मला तरी काय ठाऊक होतं? मी चपला काढल्या आणि हात जोडले.

संध्याकाळी त्याला झटके आले, तेव्हा कुठे दवाखान्यात नेला. डॉक्टर भडकले. "इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायला कुठल्या गाढवाने सांगितलं?"

त्याच रात्री बळीराम गेला.

महिनाअखेरीस वरून फॉर्म आला. 'दारू कायमची सोडलेल्या व्यक्ती' असा रकाना होता.

मी 'एक' लिहिलं.