नाथाजीनानांच्या गाडीचं मागलं चाक

हॅलो? … कोण, नाथाजीनाना व्हय? बोला की. मोहसीनच बोलतोय, गॅरेजातनं…

धुतली की. सकाळीच धुतली. उद्या खंडेनवमीची पूजा हाय न्हवं, म्हणून पॉलिशबी मारलं. टाकीवर सिद्धनाथाचं स्टिकर, आरशांस्नी गोंडं… आन हॉर्न असला बसवलाय, कडेगावात वाजवला की विट्यात लोक बाजूला व्हतील.

न्हाई न्हाई. न्यायला नका येऊ.

आवं ऐका तर… मागला टायर, नाना. पार गोटा झालाय. आतली तार दिसाय लागलीया… काय? अजून एक दिवाळी निघंल म्हणता? निघंल की. दिवाळी निघंल, तुमचं काय सांगता येत न्हाई.

व्हय… व्हय, ठाव हाय. बावीस वरसं फौजेत ट्रक चालवला, लडाखात, बर्फात, कुठं साधा ओरखडा न्हाई. पर तवा टायर सरकार बदलत हुतं न्हवं? इथं तुमास्नीच बदलाय लागतोय.

आन परवा म्हसवडला कोण कोण निघालंय? … तुमी, मागं काकू, फुडं टाकीवर माया. वा. सहा वरसाची नात, तिला वारं लागाय पायजे. हेल्मेट? … देव्हाऱ्याजवळ? … गेल्या खंडेनवमीला हळदकुकू वाह्यलं, तवापासनं तिथंच. बराबर हाय. डोक्याचं काय व्हायचं ते व्हवू दे, हेल्मेटला चरा नगं पडाय.

धंद्यासाठी सांगतोय? … नाना, टायर कुठनंबी आणा, माझ्याकडनं नगंच. बसवून फुकट दितो.

न्हाई… हसत न्हाई मी आता. बनुबाईचा धुळा ठाव हाय का? … त्योच. गेल्या हंगामात त्याला असंच सांगितलं, टायर बदल. म्हणला, रोजचा रस्ता हाय, डोळं झाकून जातो. मीबी हसलो, गाडी धुवून चावी दिली हातात. कारखान्याच्या वळणावर उसाच्या पाल्यावरनं घसरला… अजून उजवा हात वर जात न्हाई त्याचा. त्यो मला कायबी बोलत न्हाई, नाना. पर त्याच्या दारावरनं जायाची लाज वाटती मला.

म्हणून देत न्हाई गाडी.

दुसऱ्या गॅरेजात नेता? … न्या की. फकस्त उचलून न्यावी लागंल. मागलं चाक काढून आत कुलपात ठिवलंय… व्हय, गाडी तुमची हाय. मी कुठं न्हाई म्हणतोय? चाक मिळत न्हाई एवढंच.

हॅलो? … नाना? … कोण, काकू? बोला काकू… सगळं ऐकलं व्हय तुमी? … व्हय, तार दिसतीया. खोटं कशाला सांगू… तुमास्नी काय सांगितलं त्यांनी? नवा टायर टाकलाय म्हणून? … न्हाई काकू. फकस्त हॉर्न नवा हाय.

… न्हाई, एकच काढलंय. मागलं.

… बरं. तुमी म्हणताय तर फुडलंबी काढून ठिवतो. सात वाजता येस्टी हाय म्हसवडची, मायाला खिडकीला बसवा… व्हय. ठिवतो.