साडेचारशे वॉटवर घाट

माहा जन्म कुरखेड्याच्या बाजूच्या गावचा, बाप धानाच्या बांदीत राबे, मी मात्र पोरपनापासून ट्रकामांगं पळे, मंग क्लिनर झालो, मंग डायवर झालो, आन काय सांगू तुमाले, धान, बांबू, तेंदूपत्ता, जे भरलं थे नेलं, पार हैदराबादपर्यंत. मंग शुगरनं डाव्या पायातला जोर नेला, क्लच दाबनं होईना, गाडी सुटली. घरी बसलेला डायवर लय वाईट मानूस असते. घरवाली भाकर टाके तरी मी मांगून सांगो, जरा डावीकडं घे.

आमची सून कुरखेड्यात कॉम्प्युटर शिकवते. तिनं पाह्यलं, बाबा खिडकीत बसून ट्रकाचे आवाज ऐकते, कोनाचा गिअर चुकला का त्याले शिव्या देते. ती म्हने, बाबा, ट्रक चालवाचा गेम असते, स्टेअरिंग असते, पायडल असते, आन क्लच एकदम नरम. मले वाटलं मजाक करून राह्यली. पन पोरगा खानीवर कामाले हाय, त्यानं स्टेअरिंग धाडलं, सुनेनं बाकीचे पार्ट एकेक करत जमवले, म्हने साध्या कॉम्प्युटरले हे झेपत नाई, गेमिंगचाच लागते. शेवटी राह्यला पॉवर सप्लाय, म्हंजे घरातली लाइट घेऊन सगळ्या पार्टाले वाटून देनारा लोखंडी डबा.

थो मीच आनतो म्हनलो. ती म्हने, साडेसहाशे वॉटचा आना बाबा, चांगल्या कंपनीचा. गडचिरोलीले गेलो तं दुकानदार म्हने, काका, साडेसहाशेचा आठ दिवसानं येईन, आज साडेचारशेचा हाय, पन गेमचं चित्र काढनाऱ्या कार्डाले कमी पडन. आठ दिवस. अहो, दोन वर्सं घरात बसलेला मानूस मी, माह्यानं आता आठ दिवस कुठी थांबनं होते. मी म्हनलो, भाऊ, गाडीवर पासिंगचं वजन लिवलं असते थे आरटीओच्या साहेबाले दाखवासाठी, धानाच्या सीझनमंधी त्याच्या दीडपट भरून घाट चढवला हाय मी, हा डबाबी चढन. थो हासला आन देल्ला.

सुनेनं डबा पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, आन जोडून देल्ला. काय सांगू बापा, सपाट रस्त्यानं मी गानं म्हनत चाललो. मंग घाट लागला, झाडी दाट झाली, मी गिअर टाकला आन सगळं बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच चढावर बंद. मले रडू आलं, खोटं नाई सांगत. वाटलं, पाय गेला तसं हेबी गेलं, आता आपलं चालवनं नाईच.

सून म्हने, काही गेलं नाई बाबा, जास्त वढ पडली का डबा स्वतःच बंद होते, आगीपासून वाचवते. सपाटीवर चित्र काढनारं कार्ड कमी लाइट घेते, दाट झाडी आली का एकदम मांगते. तुमचा ट्रक रडतपडत चढे, हा नाई चढत. म्हनून सगळ्या पार्टाचा लोड एकात एक मिळवाचा आन त्याच्या वर थोडी जागा रिकामी ठेवाची. रिकामी? मी म्हनलो काऊन? उभ्या जिंदगीत ट्रकाच्या फाळक्याच्या वर भरल्याशिवाय दोरी नाई बांधली मी, आन इथी रिकाम्या जागेसाठी मोठा डबा घ्याचा. लय हासलो त्या दिवशी, रडता रडता हासलो.

आठ दिवस कसे काढले थे माहं मले ठाऊक. साडेसहाशेचा आला, सुनेनं बसवला, थोच घाट लागला, मी श्वास धरून बसलो, आन गाडी अशी चढली का सून टाळ्या वाजवून राह्यली. भलं होवो त्या पोरीचं, माह्या पोटच्या लेकीवानी हाय.

आता दुपारी काम आटोपलं का घरवाली खुर्ची घेऊन माह्या बाजूले बसते. बाईमानूस केबिनमंधी नाई, असा मालकाचा कायदा होता, सारी जिंदगी तिनं मले सडकेपर्यंत सोडलं आन तिथून घरी फिरली. काल गेममंधी फाटा आला. मी म्हनलो, सरळ जाऊ, माल पोचवाचा हाय. ती म्हने, माल राहू द्या, डावीकडं वळवा, मले समुद्र पाहाचा हाय.

वळवली मंग.