उताराआधी गायीला नमस्कार

हसणार नसाल तर सांगते. न्यूझीलंडमध्ये वायटाकी नदीच्या खोऱ्यात मी आणि माझी मैत्रीण केतकी सायकली ढकलत चुनखडीच्या एका टेकडीवर पोचलो. पुढचा पांढरा, निसरडा उतार बघून मी सायकल आडवीच टाकली.

"मी परत जाते," मी म्हटलं.

"परत गेलीस तरी उतारच आहे, बाई!"

तेवढ्यात कुंपणापलीकडे गायी दिसल्या. घरची सवय, गायीला नमस्कार करून निघावं म्हणून मी हात पुढे केला आणि तारेचा असा झटका बसला की मी किंचाळून खालीच बसले.

शेतकरी चार चाकांच्या क्वाडबाईकवरून भरधाव आला. "लागलं का गं? कुंपणात करंट आहे! हात कशाला घातलास?"

"उतारावर पडू नये म्हणून गायीला नमस्कार करत होती," केतकीने सांगून टाकलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसला नाही. त्याने फाटक उघडून मला आत घेतलं, आणि मी गायीच्या पाठीला लावलेला हात कपाळाला लावेपर्यंत टोपी काढून शेजारी उभा राहिला.

मग उताराकडे बघत म्हणाला, "खाली तीन वळणं आहेत. अजून दोन गायींना करून घे."