दुसरी आच

—टिंग! एवढाच आवाज. पेल्याला चमचा लागावा तसा. तुझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा एकट्यानं भट्टी लावली ना, तेव्हाचा. घाईनं दार उघडलं, गार वारा लागला, आणि काचेचे मधोमध दोन तुकडे. मी चिडणार, तर हा हसतोय — ‘बाबा, एकीच्या दोन झाल्या की!’ असा आमचा पोरगा. त्या आवाजाला मी अजून भितो, पोरी. म्हणून तर तुझ्या या काचेचं आज करू, उद्या करू म्हणत आलो. बैस ना, उभी का?

ही धर त्यानं ओतलेली शेवटची वडी. नुसत्या उजेडात काय दिसतं? साधी काच. आता या जांभळ्या दिव्याखाली धर — बघ, हिरवी. मंद आहे, हो. टर्बियम म्हणून एक धातू असतो, त्याची पूड आहे त्यात, चिमूटभर, पण विखुरलेली, बेघर. तिला दुसरी आच द्यावी लागते. वितळेल इतकी नाही — कमी, आणि हळूहळू. मग काचेच्या पोटात बारीक बारीक स्फटिक धरतात, पूड त्यांत जाऊन बसते, आणि असा हिरवा उजेड पेटतो की बघत राहावं. तेच करायचं होतं त्याला दुसऱ्या दिवशी. सकाळी ओतली, संध्याकाळी घरी येताना तो ट्रक… असो.

तुझं बरोबर आहे. नव्या घरी न्यायची तर उजळलेली न्यावी. तुझा होणारा नवरा स्वतःच म्हणाला ना, खिडकीत ठेवू म्हणून? चांगला आहे माणूस. मला आवडला, खरंच. भट्टी तापवून ठेवलीय मी. फक्त — आच जरा जास्त झाली तर स्फटिक फुगतात, काच दुधासारखी पांढरी होते. आणि मग — वडी जरा तिरकी कर. तो दोरा दिसतो आत? पीळ घातल्यासारखा? ढवळल्याची खूण आहे ती. आम्ही सगळे उजव्या हातानं ढवळणारे, हा डावखुरा. त्याचा पीळ उलटा. माझ्या लेकाचा हात आहे गं तो. काच पांढरी झाली की दिसायचा नाही.

नाही, म्हणजे मी काही रोज बघत बसत नाही. काम आटोपलं की दिवा लावतो, एवढंच. दोन शब्द बोलतो. आई गोळ्या चुकवते, सांगतो. पत्रा गळतोय, सांगतो. तुझंही सांगतो — बायको बरी आहे, घरीच आहे म्हणतो. लग्नाचं… लग्नाचं नाही सांगितलं अजून. कसं सांगू? तूच सांग, कसं सांगू त्याला?

जाऊ दे. म्हाताऱ्याचं काय मनावर घेतेस. तुझ्याच हातानं ठेव आत, मी दार लावतो — अगं, पुन्हा दिव्याखाली कशाला ठेवलीस? भट्टी इकडे आहे. पोरी? पिशवी घेतलीस, आणि — अगं, वडी राहिली तुझी…