अस्वच्छतेच्या रकान्यातली खूण

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वरिष्ठ अधिकारी, माझे सहकारी, पुसद तालुक्यातून आलेले रेशीम उत्पादक बंधू-भगिनी, आणि माझी पत्नी रत्नप्रभा, जिने आज प्रथमच माझं भाषण आधी तपासलेलं नाही,

रेशीम खात्यातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. मी ऋणी आहे. पण मघाशी आमच्या कार्यालयातल्या धरमसिंगांनी 'नरहररावांची निष्कलंक सेवा' असं म्हटलं आणि मला खुर्चीत बसवेना. त्यांचं प्रेम मोठं आहे, माहिती अपुरी आहे.

मागच्या ओळीत रुखमाबाई पाईकराव बसल्या आहेत. कापसाने साऱ्या जिल्ह्याला रडवलं, तेव्हा आम्हीच गावोगाव सांगत फिरलो, की तुती लावा, रेशीम करा. रुखमाबाईंनी ऐकलं. एकरभर तुती लावली, अळ्यांसाठी शेड बांधली. दाराशी चुन्याची परात ठेवली. त्यात पाय बुडवल्याशिवाय त्यांचा नवराही आत जात नसे. ही शिस्त आम्हीच शिकवलेली, पण पाळणारं एवढं एकच घर मी पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांचा निरोप आला, की अळ्या पाला सोडून मलूल पडल्यात. मी गेलो. घाईत होतो, बूट घालूनच आत शिरलो. परात मला दिसली नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. दिसली होती, मंडळी.

आत दोन मांडण्या होत्या. एकीवरच्या अळ्या पटापट मरत होत्या, दुसरीवरच्या कोष करायच्या बेतात होत्या. पहिलीला बांधाकडचा पाला, दुसरीला विहिरीकडचा. बांधापलीकडे घनश्यामचा बीटी कापूस ऐन फुलात. रुखमाबाईंनी बांधाकडचं एक पान पांढऱ्या फडक्याने पुसून दाखवलं. फडकं पिवळं झालं.

मी घनश्यामला विचारलं, फवारलं का? तो म्हणाला, "कायले फवारू साहेब? बीटी हाये. महिन्यात पंपाले हात नाई लावला."

बीटीच्या झाडातच, परागातही, बोंडअळी मारणारं विष असतं, आणि रेशमाचा किडाही अळीच. आता आपल्यातले जाणकार म्हणतील, कापसाचा पराग जड, चिकट, तो लांब उडत नाही. बरोबर आहे, मीही तेच शिकलो. पण बांधापासून पहिली तुती चार हातांवर होती, आणि मधमाश्यांना बांध कुठे कळतो? तरीही परागानेच अळ्या मेल्या असं मी आजही म्हणत नाही. मला ठाऊक नाही. आणि संताप याचाच आहे, की कोणालाच ठाऊक नाही, कारण कोणी पाहिलंच नाही.

मेलेल्या अळ्या आणि तो पाला रुखमाबाईंनी डब्यात भरून दिला. मी तो प्रयोगशाळेत पाठवणार होतो. तेवढ्यात वरून फोन आला, की आधीच वातावरण तापलंय, अहवालात कापसाचं नाव नको. फोन कोणाचा, ते माझ्याकडे लेखी नाही, म्हणून सांगत नाही. डबा कार्यालयाच्या कपाटावर राहिला. वास सुटल्यावर शिपायाने फेकून दिला. विषाचं बियाणं घरोघर पोचवायला यंत्रणा होती, डबाभर पाला तपासायला नव्हती का?

आमच्या छापील फॉर्मवर मृत्यूची चार कारणं होती. उष्णता, रोग, कीटकनाशक, अस्वच्छता. मी अस्वच्छतेवर खूण केली. दोन मिनिटं लागली नाहीत.

तो कागद रेशीम उत्पादकांच्या गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचला गेला. तेव्हापासून रुखमाबाईंना खात्याकडून अंडीपुंज, म्हणजे अळ्यांची अंडी, मिळालेले नाहीत. दोन वर्षं तुती उभी आहे आणि शेड रिकामी आहे. बैठकीत त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "एकाच शेडमंदी घाण का मांडणी पाहून बसते, साहेब?" मी पुढचा कागद उचलला. मग त्या म्हणाल्या, "माह्या आजीले लोक घाण म्हणत. पण कागदावर कोणी लिहून नव्हतं देलं. तुम्ही लिहून देलं."

मंडळी, आमच्या घरात आजोबांच्या काळी हा शब्द कोणासाठी वापरत, ते मला माहीत आहे. पाईकरावांच्या शेडपुढे तो लिहिताना माझा हात थांबायला हवा होता. थांबला नाही.

आज सकाळी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मी दुरुस्त अहवाल दाखल केला आहे. मृत्यूचं कारण अज्ञात, नमुना तपासला नाही, शेजारी बीटी कापूस फुलावर, शेड स्वच्छ. एक प्रत रुखमाबाईंकडे आहे. अध्यक्ष महोदय, दुसरी आपल्या टेबलावर आहे. खातेप्रमुख म्हणून त्यावर आपली सही झाली, तर या हंगामात त्यांना अंडीपुंज मिळतील. मला निरोपाची भेट द्यायचीच असेल, तर ती सही द्या.

आठ दिवसांपूर्वी मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "माफी घरी येऊन मांगता साहेब, अन् घाण म्हणलं ते चारचौघांत." म्हणून आज हे सभागृह लागलं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने पोटात घालावं. रुखमाबाईंनी घालू नये. रुखमाबाई, तुमची शेड स्वच्छ होती. त्या दिवशी तिथे घाण पाय माझे होते.