एक जण उभा असेपर्यंत

(इंदूर, मार्च १९५७. रामबागेतलं भाड्याचं घर, रविवारची दुपार. सरकार इथलं नकाशा दफ्तर नव्या राजधानीत, भोपाळला हलवतंय. तासाभरानं मैदानावर नकाशा दफ्तर बचाव आंदोलनाची सभा आहे. त्याआधी दोघे जण दफ्तरातल्या लक्ष्मीकांतांच्या पत्नी कुमुदिनीबाईंकडे आलेत: हेड ड्राफ्ट्समन दत्तोपंत आणि दफ्तराच्या फाटकावरचे जमादार प्रतापराव. दोघांनी चपला दाराबाहेर अगदी नीट काढून ठेवल्यात. एरवी घरच्यासारखी येणारी माणसं आज अशी पाहुण्यासारखी आलीत.)

दत्तोपंत : नको, चहा नको. खरंच नको.

कुमुदिनी : दर रविवारी सभेला जाताना तुम्ही इथे चहा घेता. आज आधण ठेवलंय, तर नको?

प्रतापराव : देखो बाई, चहाचं राहू द्या. आम्ही कामाचं बोलायला आलो.

कुमुदिनी : मग बोला.

दत्तोपंत : असं आहे बघा, कुमुदिनीबाई. आज तुम्ही सभेला येऊ नये, असं काही लोकांचं म्हणणं आहे.

कुमुदिनी : काही लोकांचं. आणि तुमचं?

दत्तोपंत : मी निरोप घेऊन आलोय.

कुमुदिनी : आपली सभा उघड्यावर भरते, पंत. मागे एक केळीवाला हातगाडी लावून बसला, म्हणाला मलाही बोलायचंय. त्याला तुम्ही बोलू दिलंत. मला बसूही देणार नाही?

प्रतापराव : केळीवाल्यानं ठराव नाही अडवला ना. तुम्ही अडवलात.

दत्तोपंत : तीनशे माणसं होती मागच्या रविवारी. ठराव साधा होता. सोमवारी सकाळपासून दफ्तराच्या फाटकात धरणं, एकही कपाट भोपाळला जाऊ द्यायचं नाही. मी विचारलं, कोणाची हरकत असेल त्यानं उभं राहावं. तुम्ही एकट्या उभ्या राहिलात.

कुमुदिनी : राहिले.

दत्तोपंत : दिवेलागणीपर्यंत. बसा म्हटलं, दोनदा म्हटलं. शेवटी लोक कंटाळून घरी गेले. एक जण उभा असेपर्यंत ठराव नाही, हा आपला नियम. ठराव झाला नाही. आणि सोमवारी दहा वाजता ट्रक आले.

प्रतापराव : पूरे तीन ट्रक. फाटकात चिटपाखरू नव्हतं. होळकरांच्या वेळचे नकाशे, अकरा कपाटं, आरामात भरून घेऊन गेले.

कुमुदिनी : तुम्ही होतात ना फाटकात.

प्रतापराव : मी ड्यूटीवर होतो. साहेब म्हणाले खोल, मी खोललं. एकटा काय ट्रकला आडवा पडणार होतो?

दत्तोपंत : ट्रक कधी येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. या आठवड्यात कधीतरी, एवढंच. म्हणून लोक विचारतात, बाईंना नेमकं आदल्याच दिवशी कसं सुचलं?

प्रतापराव : आणि गुरुवारी भोपाळच्या बदल्यांची दुसरी लिस्ट लागली. चिंतामणचं नाव, श्रीकृष्णचं नाव, खुद्द पंतांचं नाव. तुमच्या लक्ष्मीकांतजींचं तेवढं गायब. क्या है ना बाई, लोक काही आंधळे नाहीत.

कुमुदिनी : ह्यांचं नाव का नाही, मला माहीत नाही.

प्रतापराव : वा.

कुमुदिनी : मीही विचारलं त्यांना. म्हणाले, मला काय ठाऊक. त्यावर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवऱ्याची बदली टळली म्हणून खुश व्हायचं, तर ते आंघोळीला गेले की मी त्यांच्या कोटाचे खिसे चाचपते, साहेबाची एखादी चिठ्ठी सापडते का म्हणून. सापडलं काही नाही. पण विश्वासही बसत नाही. झालं समाधान?

दत्तोपंत : हे ऐकायला नव्हतो आलो हो मी. मला एवढंच सांगा, तुम्ही का उभ्या राहिलात? कारण कळलं तर सभेत मी स्वतः तुमची बाजू मांडीन.

कुमुदिनी : कारण विचारायचं नाही, हा नियम कोणी केला?

दत्तोपंत : मीच.

कुमुदिनी : का केलात?

दत्तोपंत : आपल्यात चपराशी आहेत, दफ्तरी आहेत, बायका आहेत. चार मोठ्या माणसांसमोर कारण सांगायची वेळ आली तर ते गप्प बसतील, माना डोलावतील, आणि प्रसंग आला की घरी राहतील. ज्याला भीती वाटते त्यालाही थांबवता आलं पाहिजे, असं मला वाटलं.

कुमुदिनी : आता वाटत नाही?

दत्तोपंत : वाटतं. पण अकरा कपाटं गेली, बाई. वीस वर्षं मी त्यातले नकाशे काढलेत. माझ्या हातची गावं आहेत त्यात, एकेक नाला मी शाईनं ओढलाय. आपल्यातलंच कोणीतरी आतून कळवतंय, हे डोक्यातून जात नाही. हल्ली कोणी नुसतं खाकरलं तरी मला वाटतं, ही कोणाला खूण केली?

प्रतापराव : पंत, तुम्ही ढिले पडता. मला बोलू द्या. बाई, खजरान्याच्या गणपतीची शपथ घेऊन म्हणा, सोमवार मला माहीत नव्हता. बस. मी तुमच्या पाया पडतो आणि जातो.

कुमुदिनी : शपथ घेणार नाही.

प्रतापराव : पाहिलंत, पंत?

कुमुदिनी : प्रतापराव, हे तुम्ही विचारू नका. दुसऱ्या कोणालाही विचारू द्या.

प्रतापराव : क्यों? मी का नको? आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. आम्ही तोंडावर बोलतो, मागे कुजबुज नाही करत. सोमवार तुम्हाला कोणी सांगितला? नाव घ्या.

कुमुदिनी : घरी जा आणि जनाबाईंना विचारा.

दत्तोपंत : जनाबाईंचा काय संबंध?

प्रतापराव : हां, माझ्या बायकोला कशाला मध्ये आणता?

कुमुदिनी : मी नाही आणलं. त्या स्वतः आल्या. मागच्या रविवारी, सभेच्या आधी, परसदारानं. इथेच चुलीपाशी बसून रडल्या. म्हणाल्या, ह्यांना शनिवारीच हुकूम आलाय. सोमवारी दहाला ट्रक येणार. फाटकावर हे आणि चार शिपाई, लाठ्या घेऊन. आडवा येईल त्याला हटवायचं, नाहीतर वर्दी उतरवायची. पेन्शनला दीड वर्ष राहिलंय.

प्रतापराव : झूठ.

कुमुदिनी : धरणं ठरलं असतं तर पहिल्या रांगेत पंत बसले असते. त्यांच्या शेजारी तुमची मंजिरी, कॉलेजातल्या मुली घेऊन. बापानं लाठी उचलायची कोणावर? मी म्हटलं, जनाबाई, प्रतापरावांनाच उभं राहायला सांगा, कारण कोणी विचारणार नाही. त्या म्हणाल्या, काही झालं तरी ते उभे राहायचे नाहीत, त्यांच्यात घाबरलो म्हणायची रीत नाही. तुम्ही राहा.

दत्तोपंत : प्रतापराव, हुकूम शनिवारी आला?

प्रतापराव : पंत, अरे सुनो तो सही.

दत्तोपंत : शनिवारी?

प्रतापराव : शनिवारी संध्याकाळी. साहेबांनी बंगल्यावर बोलावून हातात दिला. म्हणाले, बाहेर फुटलं तर तुझंच नाव घेईन.

दत्तोपंत : आणि रविवारी तुम्ही माझ्या शेजारी मांडी घालून बसलात. धरण्याच्या बाजूनं.

प्रतापराव : मग काय करू? तीनशे लोक बसलेत आणि मी उठू? म्हणाले असते, जमादार डर गया. मनात म्हणत होतो, कोणीतरी उठा रे भिया. आणि या उठल्या. वाटलं, गणपतीच पावला. नंतर ते रिकामं फाटक पाहिलं आणि डोकं फिरलं. माझ्या भीतीचं कारण मला माहीत होतं, पंत. यांना कसली भीती? आठवडाभर तेच चाललंय डोक्यात. नक्की साहेबांची माणूस असेल, असं वाटलं. कसम से, खरंच वाटलं.

दत्तोपंत : म्हणजे बाई, सोमवार तुम्हाला माहीत होता.

कुमुदिनी : होता.

दत्तोपंत : आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.

कुमुदिनी : तुम्ही ते सभेत सांगितलं असतंत. आपल्याकडे सगळं सभेतच सांगतात, त्याचाच आपल्याला अभिमान. तीनशे तोंडांतून ते तासाभरात बंगल्यावर पोचलं असतं आणि यांची वर्दी गेली असती. नकाशे जाणार हे मला कळत होतं. कळूनही जाऊ दिले. त्याचं वाईट वाटतं, पंत, रोज वाटतं. तरी परत तेच केलं असतं.

दत्तोपंत : आज मला हे लोकांसमोर मांडावं लागेल.

प्रतापराव : दीड वर्ष राहिलंय हो, पंत.

दत्तोपंत : बाईंवरचा आळ काढायचा तर तुमचं नाव घ्यावंच लागणार. नाहीतर त्यांना आंदोलनातून वगळायचा ठराव लिहून तयार आहे, तो मला ठेवावा लागेल. यातलं मी काय करू, तुम्हीच सांगा.

कुमुदिनी : तो ठराव ठेवा.

दत्तोपंत : तुमच्याबद्दलचा?

कुमुदिनी : ठेवा आणि नेहमीसारखं विचारा, कोणाची हरकत आहे का. स्वतःबद्दलच्या ठरावाला उभं राहू नये, असं काही आहे नियमात?

दत्तोपंत : तसं कधी ठरलं नाही.

कुमुदिनी : मग मी येते. मी उभी राहीन. ठराव होणार नाही, आणि कारण कोणी विचारायचं नाही.

प्रतापराव : बाई, मी तुम्हाला साहेबांची माणूस म्हणालो.

कुमुदिनी : म्हणालात. ते मी विसरायची नाही. पण तुमचं नाव सभेत येणार नाही, असा जनाबाईंना मी शब्द दिलाय.

दत्तोपंत : लोक चिडलेत. आज ते नुसतं बसा म्हणून थांबणार नाहीत, वाट्टेल ते बोलतील. प्रतापराव, तुम्ही तरी यांच्या बाजूला उभे राहाल?

प्रतापराव : मी... मला फाटकावर जायचंय, पंत. पाचला ड्यूटी आहे.

दत्तोपंत : बाई, एकट्याच पडाल तुम्ही आज. बाजूला कोणी नसेल.

कुमुदिनी : मागच्या रविवारी तरी कोण होतं?